घरातील विजेची तार कशी निवडावी?

घर बांधताना आपण वीट वाजवून घेतो, वाळू हातात चोळून पाहतो. परंतु भिंतीत जाणारी विजेची तार कोणती, हे बहुधा विचारीत नाही. ती गिलाव्याखाली गेली की वर्षानुवर्षे दृष्टीस पडत नाही. म्हणून तिचा विचार आधीच करावा, असे आम्हांस वाटते.

सातारा जिल्ह्यातील कोयनेच्या पाण्यावर १९६२ साली पोफळी येथे वीजनिर्मिती सुरू झाली. त्या पिढीच्या घरांत लाकडी पट्टीवर रबरी आवरणाच्या तारा मारीत. रबर काळाने कडक होऊन तडकते. जुन्या वाड्यात तुळयांलगत अशी तार अजून असेल, तर ती बदलणेच श्रेयस्कर.

आज घरासाठी सामान्यतः पीव्हीसी आवरणाची तांब्याची तार वापरतात. तिचे भारतीय मानक आयएस ६९४. २००३ च्या केंद्रीय आदेशाने अशा तारांवर आयएसआय चिन्ह सक्तीचे झाले. साधे पीव्हीसी ७० अंश सेल्सियसपर्यंतच्या उष्णतेसाठी असते. ‘एफआर’ तारेचे आवरण आग सहजी पसरू देत नाही. ‘एफआर-एलएसएच’ तार जळताना धूर व विषारी वायूही कमी सोडते. आगीत माणसे पुष्कळदा धुरानेच गुदमरतात. तेव्हा बंदिस्त सदनिकेत ही दुसरी तार घ्यावी.

आता जाडी. प्रवाह दुप्पट झाला की तारेतील उष्णता चौपट होते. दोन हजार वॅटचा गीझर २३० व्होल्टवर सुमारे ९ अँपिअर घेतो, तीन हजारांचा १३. म्हणून दिव्या-पंख्यांना दीड चौरस मिलिमीटरची तार पुरते. गीझर किंवा इस्त्रीच्या मोठ्या सॉकेटला अडीचची, आणि भार जास्त किंवा अंतर लांब असल्यास चारची तार घ्यावी. एमसीबी वारंवार पडते म्हणून तारेच्या कुवतीहून मोठी बसवणे हा उपाय नव्हे. मग ती पडण्याआधी तारच जळते. तसेच टेबलदिव्याची लवचीक दोरीतार खिळे मारून भिंतीवर कायमची फिरवू नये. ती त्या कामाची नाही.

सांगलीकरांना आणखी एक गोष्ट सांगणे अवश्य आहे. आयर्विन पुलाजवळ कृष्णेची धोक्याची पातळी ४५ फूट; ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांवर गेले. अशा पुरानंतर भिंत वरून सुकते, परंतु नळीतील व सांध्यांतील ओल राहते. मेगरने ५०० व्होल्टवर तपासणी करून आवरणाचा रोध निदान एक मेगओम आल्याशिवाय वीज चालू करू नये. पूररेषेतील घरांत बोर्ड उंच घ्यावेत, तारेचे सांधे खाली ठेवू नयेत आणि ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी बसवावी.

हे काम परवानाधारक ठेकेदाराकडूनच करून घ्यावे. तार आणली की गुंडाळीवरील चिन्ह, मानक व जाडी आपण स्वतः वाचावी आणि मगच ती भिंतीत जाऊ द्यावी.