'नाका' आणि 'नकार' : लहान महाविद्यालयातील संज्ञापनाचा अभ्यास

आमच्या महाविद्यालयात संज्ञापनाचा स्वतंत्र विभाग नाही. मराठी विभागातच माध्यमलेखनाची एक अभ्यासपत्रिका आहे आणि गेली अनेक वर्षे ती मी शिकवतो. वर्गात अठरा-वीस विद्यार्थी असतात. साधनसामग्री म्हणावी तर एक कॅमेरा, दोन संगणक आणि मुलांच्या खिशातले मोबाईल. प्रवेशाच्या दिवसांत पालक हमखास विचारतात, "एवढ्याशा कॉलेजात हा विषय शिकून मुलांना काय मिळणार?" पूर्वी मी वृत्तपत्रे, आकाशवाणी, जाहिरात संस्था अशी नोकऱ्यांची यादी सांगत असे. आता मी एका मथळ्याची हकिगत सांगतो. त्या मथळ्यातील चूक माझी होती.

आधी विषयाच्या नावाकडे पाहू. 'कम्युनिकेशन' या शब्दासाठी मराठीत तीन शब्द वापरात आहेत. 'संप्रेषण' म्हणजे पाठवणे, 'संज्ञापन' म्हणजे नीट कळवणे आणि 'संवाद' म्हणजे परस्परांशी बोलणे. पहिल्या शब्दात पाठवणाऱ्यावर भर आहे, दुसऱ्यात ज्याला कळायला हवे त्याच्यावर, तिसऱ्यात दोघांवर. पाठ्यपुस्तकांत हॅरॉल्ड लासवेल यांनी १९४८ साली मांडलेले पाच प्रश्न असतात : कोण सांगतो, काय सांगतो, कोणत्या माध्यमातून, कोणाला आणि काय परिणाम होतो? विद्यार्थी हे प्रश्न पाठ करतात, परीक्षेत लिहितात. गोव्यात शिकवताना मला त्यात आणखी एका प्रश्नाची भर घालावी लागते. ते प्रथम कोणत्या भाषेत सांगितले गेले?

येथील असंख्य घरांत बोलणे कोकणीत चालते आणि सकाळचे वृत्तपत्र मराठीत वाचले जाते. १६ जानेवारी १९६७ च्या जनमत कौलाचा इतिहास या दृष्टीने पाहण्यासारखा आहे. 'गोमन्तक' दैनिक महाराष्ट्रातील विलीनीकरणाच्या बाजूने आणि 'राष्ट्रमत' त्याच्या विरोधात लढत होते. पण दोन्ही दैनिके मराठी होती. मते विरुद्ध असली, तरी लोक कोणत्या भाषेत वाचतात याविषयी दोन्हीकडे दुमत नव्हते. १९८७ च्या राजभाषा कायद्याने देवनागरी कोकणी राजभाषा झाली आणि मराठीलाही शासकीय कामकाजात वापराची मुभा राहिली. त्यामुळे गोव्यातील मराठी वार्ताहर बहुतेक वेळा अनुवादकही असतो. त्याला कोणी अनुवादक म्हणत नाही आणि तोही स्वतःला तसे समजत नाही.

धोका नेमका येथे आहे. दूरची भाषा समोर आली की आपण शब्दकोश उघडतो. जवळच्या भाषेत तशी गरजच वाटत नाही. कोकणीत "काम बरें जालां" ही मनापासून केलेली प्रशंसा असते. तेच वाक्य मराठीत "काम बरे झाले आहे" असे उतरवले, तर काम जेमतेम झाले असे वाचकाला वाटते. इंदूर-ग्वाल्हेरच्या शिक्षकांना हा अनुभव नवा नसेल. हिंदीतील 'शिक्षा' म्हणजे शिक्षण आणि मराठीतील 'शिक्षा' म्हणजे दंड. शब्दाचा चेहरा ओळखीचा असल्यामुळे अर्थाची चौकशी करायची राहून जाते.

आता त्या मथळ्याविषयी. आमचे विद्यार्थी चार पानांचे एक वार्तापत्र काढतात. काही वर्षांपूर्वी एक विद्यार्थिनी आपल्या गावच्या रविवारच्या ग्रामसभेची बातमी घेऊन आली. गावच्या खाजन शेतीचा बांध फुटून खारे पाणी आत शिरले होते. खाजन म्हणजे खाडीकाठची सखल जमीन. बांध आणि 'मानस' नावाचे पाण्याचे दार यांच्या आधाराने ती भरतीच्या पाण्यापासून राखली जाते. ग्रामसभेत एक वयस्कर शेतकरी म्हणाले होते, "आमकां पयशे नाकात, पयलीं बांद जाय." विद्यार्थिनीने लिहिले होते : "'पैसे नकोत, आधी बांध हवा,' असे एका ज्येष्ठ शेतकऱ्याने सांगितले."

मला ते वाक्य बातमीच्या भाषेत बसणारे वाटले नाही. मी लाल शाईने ते खोडले आणि मथळा दिला : 'खाजन शेतकऱ्यांनी नुकसानभरपाई नाकारली'. अंक छापला आणि एक प्रत पंचायतीच्या फलकावर लागली.

आठवडाभराने ते गृहस्थ अंक हातात घेऊन महाविद्यालयात आले. गावातील काहींनी भरपाईसाठी अर्ज दिले होते. ते त्यांना विचारू लागले होते, आमच्या वतीने नकार द्यायचा अधिकार तुम्हाला कोणी दिला? माझ्याकडे न पाहता ते त्या मुलीला म्हणाले, "बाय, हांवें म्हणलें तें हें न्हय." मुलगी मान खाली घालून उभी राहिली. सरांनी बदलले, असे ती म्हणाली नाही. ते मलाच सांगावे लागले.

पुढच्या तासाला आम्ही तो मथळा फळ्यावर लिहिला आणि त्यात काय काय बिघडले ते शोधले. एक शेतकरी बोलला होता, त्याचे 'शेतकऱ्यांनी' झाले. 'पयलीं' हा शब्द गळला. सारा अर्थ तर त्या क्रमात होता. बांध उभा राहिला नाही तर पुढच्या भरतीला पाणी पुन्हा आत येणार आणि भरपाईचे पैसे एका हंगामात संपणार, असे त्यांना म्हणायचे होते. शिवाय 'नाका' ही बोलण्यातली इच्छा आहे, तर 'नाकारणे' ही कृती आहे. कोणी देऊ केले असेल, तरच ते नाकारता येते. येथे अजून कोणी काही देऊ केलेच नव्हते.

संज्ञापनाचे अभ्यासक विल्बर श्रॅम यांनी १९५४ साली मांडले की, बोलणारा आणि ऐकणारा यांची अनुभवक्षेत्रे जेवढी एकमेकांवर येतात, तेवढाच आशय पोहोचतो. हे मी वर्षानुवर्षे आकृती काढून शिकवत होतो. त्या मुलीचे घर खाजनाच्या काठावर होते. तिला ते वाक्य कळले होते; माझ्याजवळ व्याकरण होते आणि पीएच.डी. होती.

तेव्हापासून आमच्याकडे काही नियम ठरले आहेत. टिपणवहीचे पान उभे दुमडायचे. डाव्या बाजूला ऐकलेले कोकणी वाक्य जसेच्या तसे, उजव्या बाजूला मराठी. मथळ्यातील क्रियापद तपासायचे : 'नाकारले', 'इशारा दिला', 'कबुली दिली' ही कृती खरोखर घडली का? किती जण बोलले ते मोजूनच एकवचन-अनेकवचन लिहायचे. वादाचा मुद्दा एकाच वाक्यात असेल, तर ते कोकणीतच छापून शेजारी मराठी अर्थ द्यायचा. शेवटी, मराठीत उतरवलेले विधान बोलणाऱ्याला पुन्हा कोकणीतून सांगून विचारायचे : तुम्ही असेच म्हणालात ना? संपूर्ण बातमी दाखवायची नाही. त्याने बातमी त्याच्या मर्जीची होईल. दाखवायचे ते फक्त त्याचे स्वतःचे विधान. आणखी एक नियम माझ्यासाठी आहे : विद्यार्थ्याला विचारल्याशिवाय त्याच्या बातमीतील अवतरण शिक्षकाने बदलायचे नाही.

पुढच्या अंकात पहिल्या पानावर आम्ही दुरुस्ती छापली, माझ्या नावानिशी. ती फलकावर लावायला मी त्या विद्यार्थिनीबरोबर गेलो. ते गृहस्थ तेथे आले, दुरुस्ती सावकाश वाचली आणि आम्हाला बांधावर घेऊन गेले. मानस कसे उघडते, पाणी कोठून शिरते, सारे त्यांनी दाखवले. इतकी वर्षे या तालुक्यात राहूनही मी ते प्रथमच पाहत होतो.

पालकांना मी हेच सांगतो. मोठ्या संस्थेत यंत्रे अधिक चांगली मिळतील, हे खरे आहे. आमच्याकडे ज्याच्याविषयी लिहिले, तो माणूस अंक घेऊन वर्गाच्या दाराशी येऊ शकतो. विद्यार्थी पहिल्याच वर्षी त्याच्यासमोर उभा राहायला शिकतो. मी ते पन्नाशीच्या आसपास शिकलो.