एक-तृतीयांशाची मर्यादा
जुन्या रेडिओचे बटण पिळले की आतल्या कंडेन्सरचे पत्रे एकमेकांत सरकत आणि स्टेशन लागे. तेच काम आता सिलिकॉनच्या तुकड्यावर, केसाहून बारीक फटीत करता येते. खालचा पत्रा स्थिर, वरचा स्प्रिंगांवर टांगलेला. विद्युद्दाब दिला की तो खाली येतो, धारकता वाढते. पण स्प्रिंगचा विरोध सरळ प्रमाणात वाढतो, विजेची ओढ त्याहून झपाट्याने. म्हणून एक-तृतीयांश फट ओलांडताच पत्रा खाली आदळतो. धारकता दीडपटीपुढे काबूत राहत नाही. अधिक दाब हा उपाय नव्हे. ओढणारे पत्रे वेगळे करून त्यांची फट तिपटीहून खोल ठेवावी. मग धारकतेचा पत्रा आपली सारी वाट नीट चालतो. ताणण्याआधी जागा मोजावी, हे मी संपाच्या वाटाघाटींत शिकलो. हे पत्रे घडवणाऱ्यालाही तेच करावे लागते.