एका जागेचे दोन धनी

सोडियमयुक्त ॲल्युमिनोसिलिकेट काच सुमारे ४०० अंश सेल्सिअसच्या वितळलेल्या पोटॅशियम नायट्रेटमध्ये काही तास बुडवून ठेवली, म्हणजे काचेतील सोडियमचे आयन, अर्थात विद्युतभारित अणू, बाहेर पडतात आणि त्यांच्या जागी पोटॅशियमचे आयन शिरतात. सोडियम आयनाची त्रिज्या १.०२ अँगस्ट्रॉम, पोटॅशियमची १.३८, एक अँगस्ट्रॉम म्हणजे मिलिमीटरचा एक कोटीवा भाग. तोकड्या जागेत मोठा आयन दाटीने बसल्यामुळे पृष्ठभाग दाबाखाली राहतो आणि ओरखड्यातून भेग सहसा पुढे सरकत नाही. एस. एस. किस्टलर यांनी या ताणाविषयीचा शोधनिबंध १९६२ मध्ये प्रसिद्ध केला. आज मोबाइलच्या पडद्यावरील काच याच मार्गाने कणखर केली जाते.

ही अदलाबदल संगणकावर पाहण्याच्या पद्धतीला रेण्वीय गतिकी म्हणतात. तीत प्रत्येक अणूवरील बल काढून त्याला न्यूटनच्या नियमांनुसार एकेका फेम्टोसेकंदाने, म्हणजे सेकंदाच्या दहा लाख अब्जाव्या भागाने, पुढे सरकवले जाते. काही हजार अणूंच्या पेटीत एकाच सोडियम आयनावर नजर ठेवली, तर तो भोवतालच्या ऑक्सिजन अणूंच्या वेढ्यात अखंड थरथरताना दिसतो. असंख्य वेळा वेढ्यापाशी जाऊन परततो, आणि शेजारची जागा मोकळी सापडली की एका झेपेत तिथे जाऊन बसतो. ती झेप पाहिल्यावर काचेला निश्चल म्हणणे जड जाते.

मात्र भट्टीतले ४ तास फेम्टोसेकंदांच्या पावलांनी चालायचे, तर सेकंदाला हजार पावले टाकणाऱ्या संगणकालाही सुमारे ४५ कोटी वर्षे लागतील. म्हणून संशोधक अणूंच्या यादीत ‘सोडियम’ खोडून त्याच जागी ‘पोटॅशियम’ लिहितो, १.०२ च्या घरात १.३८ चा रहिवासी येतो आणि सारा प्रवास एका ओळीच्या दुरुस्तीत उरकतो. ही पळवाट भासली तरी ती प्रामाणिक आहे, कारण भट्टीतही काचेतील अणूंचे जाळे सोडियमसाठीच विणलेले असते आणि ४०० अंशांना ते उसवून पुन्हा विणण्याइतकी ऊब नसते. नाव बदलताच पेटी फुगते. परंतु आरंभापासून पोटॅशियम घालून वितळवलेल्या काचेइतकी फुगत नाही, आणि खऱ्या काचेच्या मोजमापांतही हेच आढळते. त्यामुळे ताणाचा हिशेब त्या वितळवलेल्या काचेच्या आकारमानावरून मांडू नये. तसा मांडल्यास तो प्रत्यक्ष मोजलेल्या ताणाच्या काही पट येतो.