तेल पिऊन फुगणारं बूच!

आपल्या भुकूम गावात बोअर मारायची गाडी आली, की बघायला कशी गर्दी होते ना! धडधड आवाज आणि राखाडी भुकटीचे ढग! आपल्या काळ्या कातळात नशीब असेल तर पाणी लागतं. तेल मात्र नाही हं!

तेल हवं? मग चल समुद्रात! मुंबईपासून साधारण 160 किलोमीटरवर ‘मुंबई हाय’ आहे. समुद्रात पाय रोवून उभ्या राहणाऱ्या ‘सागर सम्राट’ या खोदाईच्या तराफ्यानं 1974 साली तिथं तेल शोधलं. समुद्राच्या तळाखाली हजार मीटरहून खोल, चुनखडीच्या दगडात!

तेलाच्या विहिरीत लोखंडी पाइप सोडतात. पण पाइप आणि दगड यांच्यामध्ये फट उरते. त्या फटीतून खालचं खारं पाणी वर घुसलं, तर तेलाऐवजी पाणीच यायला लागेल! एवढ्या खोल जाऊन बूच कोण लावणार? तिथं हात पोचत नाही, पाना पोचत नाही.

ओळख बघू! अरे, बूच स्वतःच फुगतं!

पाइपवर आधीच रबराचा जाड थर चढवलेला असतो. रात्री भिजत घातलेले हरभरे सकाळी कसे टम्म होतात? तसंच हे रबर तेल पिऊन फुगतं आणि दगडाला गच्च चिकटून बसतं!

रबर म्हणजे लांबच लांब रेणूंच्या साखळ्या. तेलाचे रेणू त्यांच्यामध्ये शिरतात आणि साखळ्यांना दूर सारतात. मग रबर विरघळून का जात नाही? कारण त्या साखळ्या जागोजागी एकमेकींना बांधलेल्या असतात. ताणल्या जातात, पण सुटत नाहीत!

हे फुगणं चालतं कित्येक दिवस, कधी तर आठवडे! आळशी रबर? छे! घाई केली तर वाटेतच अडकून बसेल की!

आणि मला सगळ्यात आवडलेली गंमत ऐक. समजा, बारीकशी फट राहिलीच आणि तेल झिरपलं. मग रबर तेच तेल पितं, आणखी फुगतं आणि फट बुजवतं. गळतीच गळतीला थांबवते!

फक्त एक अडचण आहे, फुगलेलं रबर मऊ पडतं. जोराच्या दाबापुढे ते टिकायला हवं, म्हणून असं एकेक बूच कित्येक मीटर लांब करतात.

पाणी पिऊन फुगणारं रबरही असतं बरं का! पण पाणी जितकं खारट, तितकं ते कमी फुगतं. म्हणून इंजिनिअर रबराचा तुकडा आधी विहिरीत असतं तसल्याच खाऱ्या, गरम पाण्यात बुडवून ठेवतात. आणि पुन्हा पुन्हा मोजून बघतात, किती फुगला!