सव्वापाच फुटांचा मग्सी

एनबीए या अमेरिकी बास्केटबॉल लीगच्या इतिहासातला सगळ्यात बुटका खेळाडू कोण, हा क्विझवाल्यांचा लाडका प्रश्न. उत्तर ठरलेलं: मग्सी बोग्ज, पाच फूट तीन इंच. टाळ्या, चला पुढचा प्रश्न! पण हा सव्वापाच फुटी गडी त्या ताडमाड माणसांत १४ हंगाम टिकला, ८८९ सामने खेळला आणि ६,७२६ असिस्ट (सहकाऱ्याच्या बास्केटसाठी दिलेले पास) करून गेला, हे कोणी विचारत नाही. म्हणून हे फीचर. उंचीवर थोडं हसूच, पण मग कामाचंही बोलू.

आईपेक्षा उंच

टायरोन कर्टिस बोग्जचा जन्म ९ जानेवारी १९६५चा, गाव बाल्टिमोर. आईची उंची चार फूट अकरा इंच, तेव्हा घरच्या हिशेबाने पोरगं चांगलं उंचच निघालं म्हणायचं. वस्ती लाफायेट कोर्ट नावाच्या सरकारी इमारतींची, आणि चांगलीच बदनाम. पाच वर्षांचा असताना बंदुकीचे छर्रे त्याच्या अंगात घुसले. पुढे वडील दरोड्याच्या गुन्ह्यात तुरुंगात गेले. मैदानावर समोरच्याच्या हातातून तो चेंडू असा काही लुबाडायचा, की वाटमारी करणाऱ्यांना शोभेलसं ‘मग्सी’ हे नाव गल्लीने चिकटवलं. ते कायमचंच चिकटलं.

दोन हातांत दोन विटा

बाल्टिमोरच्या डनबार हायस्कूलचे प्रशिक्षक बॉब वेड हे कडक प्रकरण होतं. पोरांना दोन्ही हातांत विटा घेऊन सराव करायला लावत. विटा खाली ठेवल्यावर चेंडू हलका वाटणारच! मग्सी होता ती दोन वर्षं हा संघ एकही सामना हरला नाही. न्यू जर्सीच्या कॅम्डन हायस्कूलविरुद्ध त्याचं नाव पुकारलं गेलं तेव्हा प्रेक्षक खो खो हसले. सामना संपेपर्यंत हसणारे गप्प होते, कारण डनबारने कॅम्डनला त्यांच्याच मैदानावर धुतलं होतं.

डनबारच्या त्या संघातले चौघे पुढे एनबीएत गेले. त्यातल्या तिघांना तर एकाच वर्षी, १९८७ च्या ड्राफ्टमध्ये (संघांनी आळीपाळीने नवे खेळाडू निवडण्यात), पहिल्याच फेरीत उचललं: रेजी विल्यम्स चौथा, मग्सी बारावा, रेजी लुइस बाविसावा. एका सरकारी शाळेची ही कमाई. आणि गंमत ऐका, हा रेजी लुइस शाळेत असताना सुरुवातीच्या पाच जणांतही नसायचा, बाकावरून यायचा. त्याच ड्राफ्टमध्ये मग्सीच्या बरोबर आधी, अकरावं नाव पुकारलं गेलं ते रेजी मिलरचं.

एकाहत्तर सेंटिमीटर

वॉशिंग्टन बुलेट्सने त्याला घेतलं तेव्हा त्या संघात आधीच मनूट बोल होता. सुदानचा, सात फूट सात इंच. म्हणजे दोघांत एकाहत्तर सेंटिमीटरचा फरक! फोटोग्राफरांची दिवाळीच झाली. दोघांना शेजारी उभं करून काढलेले फोटो आजही फिरतात आणि त्यात मग्सीचं डोकं बोलच्या कमरेपाशी दिसतं. पण बुलेट्सला फोटोपलीकडे त्याचं फार काही सुचलं नाही. वर्षभरात त्यांनी त्याला नव्या संघांसाठीच्या यादीत सोडून दिलं, आणि शार्लट हॉर्नेट्सने उचललं. अशा सौद्यांत चूक कोणाची हे कळायला वेळ लागतो. इथे फारसा लागला नाही.

गुडघ्याएवढा चेंडू

आता कामाचं. पॉइंट गार्ड म्हणजे लग्नघरातला तो काका, ज्याच्याकडे सगळ्या किल्ल्या असतात: स्वतः पंगतीत बसो न बसो, कोणाच्या पानात काय पडायचं ते तो ठरवतो. चेंडू आपल्या बाजूने पुढे न्यायचा, चाल लावायची, आणि मोकळ्या माणसाच्या हातात नेमक्या क्षणी चेंडू पोचवायचा.

साडेसहा फुटी माणूस ड्रिबल करतो तेव्हा चेंडू हातापासून जमिनीपर्यंत बराच लांब प्रवास करतो, आणि तो सगळा प्रवास उघड्यावर असतो. मग्सीचा चेंडू गुडघ्याच्या आसपासच टपटपायचा. तो काढून घ्यायचा तर समोरच्या लांबुळक्याने कमरेत वाकायला हवं, आणि वाकला की मग्सी बाजूने पसार. परिणाम आकड्यांत बघा: सबंध कारकिर्दीत सामन्यामागे ७.६ असिस्ट, आणि चेंडू गमावला तो सरासरी फक्त १.६ वेळा. एका चुकीमागे जवळजवळ पाच असिस्ट. १९८९–९० मध्ये तर असिस्टची सरासरी १०.७ होती. माझ्या मते त्याची ओळख हीच असायला हवी. उंची फुकट मिळते किंवा मिळत नाही, पण चेंडू इतका सांभाळून वापरायला डोकं लागतं.

बचावातही हाच हिशेब उलटा. त्या काळी अर्धं मैदान ओलांडायला दहा सेकंद मिळायचे, आणि एकूण बास्केटवर नेम धरायला चोवीस. मग्सी प्रतिस्पर्धी गार्डला त्याच्याच टोकापासून चिकटायचा. बिचारा पाठ वळवून, अंग आडवं घालून चेंडू पुढे आणेपर्यंत सात-आठ सेकंद गेलेले. चेंडू हिसकावला नाही तरी चालीचा वेळ खाल्लाच! हिसकावलेही भरपूर, १,३६९ वेळा.

याची चुणूक एनबीएत येण्याआधीच स्पेनमध्ये दिसली होती. १९८६ च्या विश्वचषकात युगोस्लाव्हियाच्या ड्राझेन पेट्रोविचला आवरायचं काम त्याच्याकडे आलं, जो त्याच्यापेक्षा फूटभराहून उंच आणि तेव्हा युरोपात गाजणारा होता. मग्सीने त्याला सुखाने श्वास घेऊ दिला नाही. अंतिम सामन्यात अमेरिकेने सोव्हिएत संघाला ८७–८५ असं हरवलं, आणि स्पेनच्या प्रेक्षकांनी या छोट्या काळ्या ठिणगीला डोक्यावर घेतलं.

एकोणचाळीस ब्लॉक

हो, ब्लॉकही केलेत, म्हणजे समोरच्याने बास्केटकडे फेकलेला चेंडू हवेतच अडवलाय. सबंध कारकिर्दीत एकोणचाळीस, म्हणजे साधारण तेवीस सामन्यांमागे एक. त्यातला एक १४ एप्रिल १९९३ चा, आणि बळी कोण? न्यू यॉर्क निक्सचा पॅट्रिक युइंग, पूर्ण सात फूट! निक्सचे चाहते हा विषय निघाला की अजूनही पाणी प्यायला उठतात, असा माझा अंदाज.

तोच एप्रिल

त्याच महिन्यात शार्लट हॉर्नेट्स पहिल्यांदा प्लेऑफला, म्हणजे बाद फेरीला, पोचले. समोर बॉस्टन सेल्टिक्स, आणि सेल्टिक्सचा कर्णधार कोण? डनबारच्या बाकावरून येणारा तो रेजी लुइस. २९ एप्रिलला पहिल्याच सामन्यात लुइस मैदानावर कोसळला. मालिका हॉर्नेट्सने ३–१ जिंकली, चौथ्या सामन्यात शेवटच्या क्षणी अलोन्झो मॉर्निंगच्या बास्केटवर. सगळं शार्लट आनंदाने रस्त्यावर उतरलं. लुइस पुन्हा कधी एनबीएत खेळला नाही. २७ जुलैला बास्केटबॉलचा हलका सराव करताना त्याचं हृदय थांबलं. वय २७.

जॉर्डनने संपवलं? छे!

इंटरनेटवर फिरणारी एक कथा अशी: १९९५ च्या प्लेऑफमध्ये मायकेल जॉर्डनने मग्सीला उंचीवरून एक घाणेरडी शिवी हासडली, त्याचा आत्मविश्वास खचला आणि कारकीर्द तिथेच संपली. कथा चविष्ट आहे, पण मग्सीने स्वतः ती खोडून काढली. आणि त्याची गरजही नव्हती, त्याच्या गुडघ्याकडे पाहिलं तरी पुरे! शस्त्रक्रियेमुळे पुढच्या हंगामात तो जेमतेम सहा सामने खेळला. शिवी खाऊन कूर्चा झिजत नाही. शिवाय त्यानंतरही तो पाच हंगाम खेळलाच, शार्लटमध्ये, मग गोल्डन स्टेट वॉरियर्स आणि टोरांटो रॅप्टर्सकडे.

परग्रहवासीयांचा हिशेब

जॉर्डनशी भांडण असतं तर १९९६ मध्ये दोघं एका सिनेमात कसे दिसले असते? ‘स्पेस जॅम’मध्ये परग्रहावरचे टिचभर प्राणी पाच एनबीए खेळाडूंचं कसब चोरतात: चार्ल्स बार्कली, पॅट्रिक युइंग, लॅरी जॉन्सन, साडेसात फुटी शॉन ब्रॅडली आणि मग्सी. पटकथा लिहिणाऱ्याचं कौतुक करायला हवं. चोरट्यांनी उंचीच चोरायचं ठरवलं असतं, तर मग्सीकडून हाती काय लागलं असतं?

करींच्या घरचा माणूस

हॉर्नेट्समधला त्याचा जुना जोडीदार डेल करी, लांबून नेम धरण्यात पटाईत. दोघं १९८८ ला एकत्र शार्लटला आले आणि १९९९ ला पुन्हा टोरांटोत एकत्र झाले. डेलचा पोरगा बाबांसोबत सरावाला यायचा. तो पोरगा म्हणजे स्टीफन करी. हा पुढे पॉइंट गार्डच झाला, आणि वॉरियर्सकडूनच खेळला. लहानपणी डोळ्यांसमोर असा नमुना असल्यावर उंचीची भीती कशी वाटणार?

हॉर्नेट्सच्या नोंदवहीत

२००१ मध्ये टोरांटोने मग्सीला न्यू यॉर्ककडे धाडलं, न्यू यॉर्कने डॅलसकडे. दोघांसाठीही तो एकदाही मैदानात उतरला नाही. २००५ मध्ये त्याने शार्लट स्टिंग या महिला संघाचं प्रशिक्षकपद घेतलं, पण २००७ च्या सुरुवातीला तो संघच गुंडाळला गेला.

हॉर्नेट्सच्या असिस्टच्या यादीत मात्र सगळ्यात वर अजूनही त्याचंच नाव आहे: ५,५५७. त्याच्या खालोखाल केम्बा वॉकर. उंची सहा फूट, आणि असिस्ट दोन हजारांहून जास्त कमी.