समुद्राखालचा उलटा नियम

बालदोस्तांनो, पाण्यात बुडी मारताना तुम्ही काय करता? छाती भरून श्वास घेता, गाल फुगवता आणि गडप! वर्ध्याकडे नदीत नाहीतर विहिरीत पोहायला शिकणाऱ्या प्रत्येकाला हेच सांगतात, ‘श्वास रोखून धर.’ पण मालवणच्या समुद्रात पाठीवर हवेचं सिलिंडर बांधून उतरलात, तर शिकवणारे दादा नेमकं उलटं सांगतील, ‘श्वास मुळीच रोखायचा नाही!’ असं का बरं?

आधी मालवणची ओळख करून घेऊ या. शिवाजी महाराजांनी १६६४ साली इथल्या कुरटे बेटावर सिंधुदुर्ग किल्ला बांधायला घेतला. किल्ल्याच्या आसपासचे खडक पाण्याखाली उतरत जातात आणि त्यांवर प्रवाळ वाढतात. प्रवाळ दिसतात दगडासारखे, पण ते असतात चिमुकले प्राणी! त्यांच्या आधाराने रंगीबेरंगी मासे राहतात. म्हणूनच १९८७ साली मालवणचा समुद्र सागरी अभयारण्य म्हणून जाहीर झाला. जवळच तारकर्लीला पाण्याखाली उतरायचं रीतसर शिक्षणही मिळतं.

आता पाण्यात उतरू या. डोळ्यांवर मास्क, पायांत बदकासारखे रबरी पंजे आणि तोंडात हवेची नळी. सिलिंडरमध्ये नुसता ऑक्सिजन असतो असं पुष्कळांना वाटतं. तसं नाही! नवशिक्यांच्या सिलिंडरमध्ये आपली नेहमीचीच हवा दाबून भरलेली असते. १९४३ साली फ्रान्समध्ये झाक कुस्तो आणि एमिल गान्यां यांनी, हवा हवी तेवढीच आणि पाण्याच्या दाबाइतक्या दाबाने तोंडात सोडणारी युक्ती बनवली. तेव्हापासून माणूस माशासारखा निवांत हिंडू लागला.

खरी गंमत आणि खरा धोका या दाबातच आहे. दहा मीटर खोलीवर दाब जमिनीवरच्या दुप्पट होतो. समजा, तिथे तुम्ही छातीत तीन लिटर हवा घेतलीत आणि श्वास रोखून वर आलात. वर येताना दाब कमी होतो आणि तीच हवा फुगून सहा लिटर व्हायला बघते! एवढी जागा फुप्फुसात कुठून असणार? फुप्फुसाला इजा होते, जीवही जाऊ शकतो. विहिरीत मात्र आपण वरची हवा घेऊन खाली जातो. ती खाली आकसते आणि वर आल्यावर होती तेवढीच होते. म्हणून तिथे असा धोका नसतो. लक्षात आलं ना? नियम उलटा का, ते!

कानांचंही तसंच. खाली जाताना कानाचा पडदा दाबाने दुखतो. नाक चिमटीत धरून हलकेच फुंकर मारली की बरं वाटतं. दुखणं थांबेपर्यंत खाली जायचं नाही. सर्दी झाली असेल तर त्या दिवशी सुट्टी!

आई-बाबांसाठी दोन शब्द. सिलिंडर घेऊन उतरण्याच्या रीतसर शिक्षणासाठी साधारणपणे दहा वर्षं वय पूर्ण लागतं. दमा किंवा कानाचा त्रास असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. प्रशिक्षक मुलाच्या शेजारीच राहणार ना, हे नक्की करून घ्या. पावसाळ्यात खवळलेल्या समुद्रात उतरायचंच नाही.

आणि दोस्तांनो, प्रवाळाला हात लावू नका, त्यावर पाय ठेवू नका. पुष्कळ प्रवाळ वर्षभरात जेमतेम सेंटिमीटरभर वाढतात. तुमच्या एका पावलाने कित्येक वर्षांचं घर मोडेल!

मालवण दूर आहे? मग घरीच प्रयोग करा. सुई नसलेली नवी, कोरी सिरिंज घ्या. दट्ट्या अर्ध्यापर्यंत ओढून पुढचं तोंड बोटाने घट्ट बंद करा आणि दट्ट्या दाबा. हवा आकसेल. दट्ट्या सोडा, ती पुन्हा फुगेल. समुद्राखाली तुमच्या छातीत हेच घडतं, बरं का!