पपईच्या चिकावर उभा राहिलेला कारखाना

मटण लवकर शिजावे म्हणून जाणत्या गृहिणी त्याला कच्च्या पपईचा कीस चोळून ठेवतात. थोड्या वेळाने ते मऊ पडते. पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेल्या या युक्तीवर बंगळूरमध्ये एका पंचवीस वर्षांच्या तरुणीने कारखाना उभारला.

तिचे नाव किरण मजुमदार. वडिलांप्रमाणे तीही बिअर तयार करण्याचे शास्त्र ऑस्ट्रेलियात शिकून आली. पण ब्रूमास्टरच्या जागेवर बाई नेमायला भारतात कोणी राजी होईना. तेव्हा एका आयरिश कंपनीच्या भागीदारीत तिने नोव्हेंबर १९७८ मध्ये ‘बायोकॉन’ सुरू केली. भांडवल दहा हजार रुपये आणि जागा भाड्याच्या घराचे गॅरेज! बँका कर्ज देताना कचरत होत्या, बाईच्या हाताखाली काम करायला माणसेही तयार नव्हती.

तिथे बनू लागले ‘पपेन’. कच्च्या पपईच्या पांढऱ्या चिकात हे विकर, म्हणजेच एन्झाइम, असते. मांसातील प्रथिने म्हणजे अमिनो आम्लांच्या लांबलचक साखळ्या. पपेन या साखळ्या तोडते, म्हणून मटण मऊ होते. बिअर थंड केली की तिच्यातील प्रथिनांमुळे ती गढूळ दिसते. तिथेही पपेन हेच काम करते आणि बिअर नितळ राहते.

विकराची खुबी अशी, की काम करताना ते स्वतः खर्ची पडत नाही. एक साखळी तोडली की ते दुसरीकडे वळते. शिवाय प्रत्येकाचे काम ठरलेले. कुलपाला त्याचीच किल्ली लागावी, तसे हे नाते असते, असे जर्मन शास्त्रज्ञ एमिल फिशर यांनी १८९४ मध्ये सांगितले. पपेन प्रथिने तोडते, पण पिष्टाला हात लावत नाही. ते काम आपल्या लाळेतील विकराचे.

याची परीक्षा घरीच घेता येते. भाताची पातळ, कोमट पेज दोन वाट्यांत घ्या. एकीत चमचाभर लाळ मिसळा. वीसेक मिनिटांनी दोन्हींत जखमेवर लावायच्या आयोडीनचे थेंब टाका. साधी पेज निळीकाळी होईल, कारण तिच्यात पिष्ट आहे. लाळेच्या वाटीत तो रंग येणार नाही किंवा फिका येईल. तिथल्या पिष्टाची साखर झालेली असते. भाकरीचा घास बराच वेळ चावला की गोड लागतो, तो यामुळेच. प्रयोगानंतर दोन्ही वाट्या ओतून टाका. लाळ आधी उकळून घेतलीत, तर मात्र पेज निळीच होईल. उकळल्यावर हे विकर निकामी होते.

वर्षभरातच बायोकॉनची विकरे अमेरिका आणि युरोपला जाऊ लागली. पुढे कंपनी औषधांकडे वळली, इन्शुलिन बनवू लागली. २००७ मध्ये तिने विकरांचा व्यवसाय डेन्मार्कच्या नोव्होझाइम्सला साडेअकरा कोटी डॉलरना विकला.

पुढच्या वेळी पपई चिरताना हाताला चीक लागला, तर तो धुण्यापूर्वी क्षणभर जरूर पाहा. ज्या मुलीला नोकरी नाकारली गेली, तिने याच चिकातून शेकडोंना नोकऱ्या दिल्या.